डाव्या आरशावरचा झेंडू

दोन वर्षांपूर्वी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत माझ्या टेम्पोच्या चाकाखाली एक बाई जाता जाता राहिली. ती बाई माझी बायको होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला प्रत्येक गोष्टीत तिखटमीठ घालायची सवय आहे आणि एवढी एक गोष्ट तरी बिनतिखटाची राहावी.

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात मी अठरा वर्षं टेम्पो चालवतोय. अठरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असं मी नाक्यावर सांगतो. नाक्यावरची माणसं तेव्हा एकदा माझ्या टेम्पोकडे बघतात आणि सभ्यपणे विषय बदलतात.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा दणक्यात होते. झेंडू, आंब्याची पानं आणि नव्या भाताच्या लोंब्या गुंफून तोरण करायचं, पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधायचे. त्या वर्षी आमच्या स्टँडवरच्या एका जौनपूरच्या ड्रायव्हरने आपली गाडी अशी सजवली की येणारेजाणारे तिच्यासोबत फोटो काढायला लागले. माझ्याच्याने ते बघवेना. माझी सासुरवाडी पालघरजवळच्या माहीमची, सासऱ्यांची केळीची वाडी. मी तिथे गेलो आणि अर्धी वाडी टेम्पोवर चढवली. सासरे बाजूला उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबुवा, टेम्पो सजवताय का लपवताय?"

काचेवर माळांचे सात पदर सोडले. बाहेर बघायला वीतभर फट ठेवली, कारण मी अगदीच बेजबाबदार नाही. डाव्या आरशाला हार इतका गुंडाळला की आरसा कुठला, कोबीच्या गड्ड्याएवढा झेंडूच तो. लोंब्यांमुळे चिमण्या मागे लागल्या. पालघरहून निघालो की बोईसरपर्यंत थवा सोबत असायचा, आणि मी स्पीडब्रेकरला अडकलो की त्या पुढच्या तारेवर जाऊन माझी वाट बघायच्या. बेटेगावला, माझ्या घराच्या दारात, शेजाऱ्यांच्या बकरीने उजव्या बाजूचा सगळा हार खाल्ला. तेवढा उजवा आरसा मोकळा झाला. त्या वर्षी वाहतुकीच्या सुरक्षेसाठी जे काही केलं ते तिनेच. डाव्या बाजूला जायच्या आत तिला कोणीतरी हाकललं, हे आमचं दुर्दैव.

आता हार काय, दोन-तीन दिवसांत उतरवतात. पण मी आधी उतरवला असता तर सजावटीत तो जौनपूरवाला जिंकला असता. म्हणून मी एक नियम काढला की दसऱ्याचं तोरण दिवाळीआधी उतरवलं तर लक्ष्मी रस्ता चुकते. हा नियम कुठल्या पोथीत आहे ते विचारू नका, मी तो नाक्यावर चहा पिताना काढला होता. पण सांगताना चेहरा असा ठेवला की दोघातिघांनी आपापले हार तसेच ठेवले. दर चार दिवसांनी मी सुकलेली फुलं काढून ताजी भरायचो.

जौनपूरवाल्याने मात्र तिसऱ्या दिवशी आपली काच पुसून लख्ख केली. माझ्याकडे येऊन म्हणाला, "उस्ताद, आपका लेफ्ट का शीशा किधर गया?"

"अंदाज से चलाते हैं," मी म्हटलं.

"हाँ, वो तो दिख रहा है," तो म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

बायकोनेही सांगून बघितलं. ती कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, पहिली पाळी, तीनला सुटते. त्याच वर्षी तिने स्कूटर घेतली होती. रोज त्याच रस्त्याने जायची, जिथे दोन्ही कडांना कंटेनर उभे असतात आणि मधून आमच्यासारखे अंदाजवाले जातात.

"डावीकडचं दिसतं का तुमाला?" तिने विचारलं.

"मला रस्ता वासावरून कळतो."

"तुमचा सगळा टेम्पो झेंडूचा वास मारते," ती म्हणाली. "त्यात दुसरा कोण कळणार?"

मी मोठ्याने हसलो. मला उत्तर नसलं की मी मोठ्याने हसतो. घरात माझं हसणं बऱ्याचदा ऐकू येतं.

दिवाळीला चार दिवस राहिले तेव्हा मालाचा पूर आला. कारखाने कामगारांना मिठाईचे डबे वाटतात, दुकानांना फ्रीज आणि टीव्ही हवे असतात, घरोघर पार्सलं. प्रत्येकाला माल कालच हवा असतो. मी दिवसाला अकरा खेपा मारत होतो, म्हणजे नाक्यावर सांगताना अकरा, खऱ्या सात. त्या दुपारी तीनला मिठाईचे डबे भरून मी निघालो होतो. कारखान्यातून तिसरा फोन आला होता की माणसं गेटवर थांबलीत. फोन कानाला होता हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

कुंभवलीच्या फाट्यावर मी डावीकडे वळवला. इंडिकेटर दिला होता, शपथेवर सांगतो. फक्त तो केळीच्या पानाआड होता.

कडकन् आवाज आला. मी ब्रेक दाबला. आणि आता जे सांगतो ते लिहायलाही लाज वाटते. खाली उतरताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो केळीच्या खांबाचा. "कोणी मोडला रे?" असं मी खरोखर म्हणालो.

खांब मोडून एका स्कूटरच्या हँडलला अडकला होता. स्कूटर आडवी, पुढचं चाक फिरतंय. माझं मागचं चाक तिच्यापासून हातभरावर. मी लांबी वाढवून सांगणारा माणूस, पण हे अंतर मला आजही वाढवता येत नाही. पलीकडे कडेच्या गवतात माझी बायको बसली होती. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त, एक चप्पल पायात. हेल्मेटच्या आतून ती माझ्याकडे बघत होती.

 मी तिच्याशेजारी गवतात बसलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं हवा खायला आलीत.

ती ओरडली नाही. हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मी होते म्हणून बसलात. दुसरी कोण असती तर?"

या वेळी हसूसुद्धा आलं नाही.

मी बाटलीतल्या पाण्याने तिचा गुडघा धुतला. मग ती लंगडत उठली आणि मला म्हणाली, "स्कूटर उचला. मी जिथं होते तिथं लावा. बसा वर." मी लावली, बसलो. ती टेम्पोत चढून माझ्या सीटवर बसली. मी हात हलवला. दोन्ही हात हलवले. अंगावर भडक लाल शर्ट होता आणि माझं वजन सांगण्यासारखं नाही. नाक्यावर मी लांबून ओळखू येतो.

"करा ना हात," ती आतून म्हणाली.

"करतोच आहे."

"नाय दिसत."

मी तिथे उभ्या उभ्या आरशावरचा हार ओरबाडला. काचेवरचे पदर, केळीचा उरलेला खांब, सगळं गवतात. पुन्हा स्कूटरवर बसलो. आता तिला मी दिसलो. मग तिने मला स्कूटर थोडी पुढे, दाराजवळ घ्यायला लावली आणि म्हणाली, "आता परत दिसत नाय." आरसा लख्ख असूनही दाराजवळ माणूस मावेल एवढी जागा कशातच दिसत नव्हती. सोळा वर्षं ती जागा माझ्याबरोबर फिरत होती आणि आमची ओळखसुद्धा नव्हती. वळायच्या आधी थांबून, मान काढून बघण्याशिवाय त्या जागेला इलाज नाही.

डबे पोचवले, पाऊण तास उशिरा. कोणाची दिवाळी बुडाली नाही. दवाखान्यात पट्टी झाल्यावर मी म्हटलं, स्कूटर मागे टाकू, तू पुढे बस. ती नको म्हणाली. आज स्कूटर सोडली तर उद्या हातात घ्यायला भीती वाटेल, म्हणाली. "तुमी पुढं व्हा. मी मागून येते."

दवाखान्यापासून बेटेगावपर्यंत मी टेम्पो असा चालवला की सायकलवाले पुढे गेले. एक म्हातारा पायी माझ्यापुढे गेला आणि वळून बघून आणखी लांब गेला. माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या डाव्या काचेत. तिच्यात एक छोटी स्कूटर, मध्येच दिसायची, मध्येच जायची. गेली की मी कडेला घेऊन थांबायचो. मागे हॉर्नांची आरास लागली होती.

चौथ्यांदा थांबलो तेव्हा ती पुढे येऊन खिडकीशी उभी राहिली. उजव्या खिडकीशी.

"सारखे काय थांबताय?"

"तू दिसेनाशी झालीस."

"खड्डा चुकवत होते." तिने मागे लागलेली रांग बघितली, मग माझ्याकडे. "चला हळूहळू. मी हाय मागं."