बाबांचं टोकन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. दुबईत इन्शुरन्सचे क्लेम तपासते... पुरावा नसला की सरळ रिजेक्ट! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. येऊ दे.

बाबा कर्नाटकातल्या डोंगरात सोन्याच्या खाणीवर इलेक्ट्रिशियन होते. जेमतेम दोनशे घरांचं गाव, खाणीच्या भोंग्यावर चालणारं. मी तिथलीच. खाणीत उतरताना प्रत्येकाला दिव्याबरोबर पितळेचं टोकन मिळायचं. वर आल्यावर ते दिव्यांच्या खोलीच्या खिडकीत परत करायचं. शेवटचं टोकन येईपर्यंत खिडकीवरचे अण्णा घरी जायचे नाहीत. खाण बंद झाली त्या दिवशी रडारडीत बाबा टोकन खिशात घेऊनच निघाले. पुढे गाव उठलं, अण्णांचा पत्ता लागला नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे दुबईत, करामाला आले. टोकन कायम खिशात. "अण्णा थांबले असतील गं," हेच धरून बसायचे. मी वैतागायचे. पण त्यांचं ते झुरणं बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात, शनिवारी दुपारी, दुबईपासून दीडेक तासावरच्या हत्ताच्या डोंगरात गेलो होतो. बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची इरा. मी टपरीवर करक चहा घ्यायला उतरले. वळून बघते तर बाबा रस्त्यापलीकडे, एका दगडी घराच्या खिडकीशी उभे! आत दिव्यांची रांग. बाबा भराभर कन्नड बोलत होते — वीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आतून एक हात आला, त्याने टोकन घेतलं. मग एकेक दिवा मालवला गेला.

मी धावत पोचले. छप्पर नसलेलं घर... खिडकी दगडांनी बुजवलेली.

"खलास," बाबा म्हणाले. "अण्णा घरी गेले."

इरा गाडीतून म्हणाली, "मम्मा, हू वॉज दॅट अंकल? ही वॉज क्रायिंग."

खिसे, गाडी, रस्त्यावरची खडी, सगळं पालथं घातलं. टोकन नाही. चहावाला म्हणाला, "उधर तो कोई नहीं रहता, मॅडम."

बाबा आता गावाचं नावही काढत नाहीत. दुपारी शांत झोपतात. त्या गावासाठी आता झुरते आहे ती मी. दोनदा एकटीच हत्ताला जाऊन आले. बुजलेल्या खिडकीसमोर मी हात पुढे केला, बराच वेळ तसाच धरला. कुणी आलं नाही. बरोबरच आहे... खाण चालू होती तेव्हा मी लहान होते, मला कुणी टोकन दिलंच नव्हतं. माझ्यासाठी तिथे कोण थांबणार?