पायरीचं खाद्यपात्र

निवृत्त इंजिनिअरसाहेबांना परसातल्या पाच कोंबड्यांसाठी साधी परात चालेना. चिमण्या फुकट खातात म्हणे! महिनाभर माहितीपत्रकं चाळून त्यांनी पायरीचं खाद्यपात्र आणलं. कोंबडी पायरीवर चढली, की तिच्या वजनाने झाकण उघडणार. कोंबड्या चढल्या, झाकण ढिम्म हलेना. दोन दिवसांच्या उपासाने अंडीही बंद झाली.

“परात देऊ का?” बायकोने विचारलं.

“यंत्र चोख आहे. कोंबड्याच हलक्या निघाल्या!”

परात घेणं म्हणजे बायकोपुढे हार. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतःच पायरीवर पाय दाबून उभे राहिले. कोंबड्या दाण्यांवर तुटून पडल्या, पाठोपाठ चिमण्याही.

“अहो, हलू नका,” बायको म्हणाली, “तीस वर्षांच्या संसारात तुम्हाला कुणाला जेवू घालताना पहिल्यांदाच बघतेय!”