शेजारच्या बातम्यांतली खरखर

एकाहत्तरच्या युद्धानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या डोक्यावर एक आळ आला. तो कुणी उतरवला नाही. ज्यांना उतरवता आला असता त्या गप्प बसल्या, आणि मीही गप्प बसलो. त्यामुळे राग नेमका कुणावर काढायचा, हे मला आजही ठरवता येत नाही.

नगरला मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सरकारी परीक्षा देऊन मी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. लष्कराच्या भंगारात निघालेले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जमवून घरीच ट्रान्समीटर बांधला, गच्चीवरच्या बांबूपासून मागच्या कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ताणली आणि मोर्सच्या टकटकीत मद्रास, कलकत्ता, एकदा तर जपानपर्यंत बोललो. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला जपानहून उत्तर येतं म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही.

शेजारी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले काका राहत. संध्याकाळच्या बातम्या म्हणजे त्यांची पूजाच. दुष्काळाचं वर्ष होतं. खडीची कामं कुठे निघाली, टँकर कुठे पोचले, हे गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांना कळायला हवं असे.

एकदा त्यांनी मला हटकलं, "मास्तर, तुमची टकटक माझ्या बातम्यांत शिरते."

त्यांचं खरं होतं. मोर्सची कळ दाबताना ठिणगी उडायची आणि ती त्यांच्या रेडिओत ऐकू यायची. मी कळीला कंडेन्सर आणि रेझिस्टन्स जोडला, बायकोला कळ दाबायला बसवलं आणि स्वतः काकांच्या रेडिओपाशी जाऊन ऐकलं. आवाज साफ गेला होता. "चूक माझीच होती, काका," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्या दिवसापासून त्यांच्या रेडिओत काहीही बिघडलं की ते माझ्याच नावावर जमा व्हायला लागलं.

नाताळच्या सुमारास थंडी वाढली आणि वेगळीच खरखर सुरू झाली. बातम्या लागायच्या वेळी यायची, अर्धा मिनिट टिकायची, थांबायची, चार-पाच मिनिटांनी पुन्हा यायची. माझ्या रिसीव्हरवरही तिच्यापुढे काही ऐकू येईना. काका ओट्यावर उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं का पुन्हा सुरू?"

मी ट्रान्समीटरचा फ्यूज काढून त्यांच्या हातात दिला. "आठ दिवस तुमच्याकडेच ठेवा."

खरखर चालूच राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी फ्यूज परत केला. म्हणाले, "दुसरा असेल की तुमच्याकडे."

मग मी शोधच घ्यायचं ठरवलं. आधी घरातला मेन स्विच बंद केला. सेलवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर तशीच होती, म्हणजे ती माझ्या घरातली नव्हती. तो ट्रान्झिस्टर घेऊन संध्याकाळी गल्लीत निघालो. असा रेडिओ हातात फिरवत गेलं की त्याचं टोक आवाजाच्या उगमाकडे होताच आवाज एकदम पडतो. पिठाची गिरणी, विजेचा खांब, कोपऱ्यावरचं हॉटेल, सगळं तपासलं. दोन-तीन ठिकाणांहून ते टोक एकाच घराकडे वळलं. काकांच्याच.

दुसऱ्या दिवशी काका वाचनालयात गेले असताना मी काकूंना विचारलं, "काकू, संध्याकाळी नवीन काय लावता हो विजेवरचं?"

त्यांनी आतून शेकायची गादी आणून दाखवली. त्यांचे गुडघे धरलेले होते. गादीच्या आत ठरावीक उष्णतेला आपोआप बंद-चालू होणारं बटण होतं. त्याचे संपर्क जळून काळे पडले होते. तीच ठिणगी, तीच खरखर. वरचं कापडही तिथे करपलं होतं.

"काकू, हे पेट घेईल. आणि काकांच्या रेडिओतला आवाजही ह्याचाच."

त्यांचा चेहरा उतरला. "मास्तर, ह्यांना नका सांगू. जावयानं पाठवलीय. दोन वर्षं बोलत नव्हते दोघं. ह्या गादीपायी कुठं पत्र सुरू झालंय. ह्यांना कळलं की 'खोटा माल पाठवला' म्हणून परत बिनसंल. लेकीला माहेर न्हाई राहायचं. थंडी सरली की मी आपली बंद करते."

मी हो म्हणालो. गादी लावून झोपू नका, एवढं मात्र कबूल करून घेतलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्यांच्या लेकीचं माहेर सांभाळायला तुमचंच नाव बरं सापडलं."

आठवड्याभरात घरमालक आले. मिरजगावकडचे शेतकरी, माणूस वाईट नव्हता. "मास्तर, तार उतरवा. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पर लोक बोलत्यात. लष्कराचं गाव हाय. तुमी किरिस्ताव, रातंदिस परदेशाशी बोलता. उद्या पोलीस आलं तर मी काय सांगू?"

मी परवाना त्यांच्यापुढे धरला. तो त्यांनी हातातही घेतला नाही.

तसाच काकांकडे गेलो. काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काका, आवाज माझ्याकडून येत नाही. दुसरीकडून येतो."

"कुठून?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी सुपातून मान वर काढली नाही.

"ते सांगता येत नाही."

काका हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी मी तार उतरवली. त्याच आठवड्यात थंडी ओसरली आणि काकूंनी गादी गुंडाळून ठेवली. ओट्यावर चार माणसं जमवून काका म्हणाले, "ऐका! तार गेली आणि रेडिओ कसा खणखणीत बोलतोय." काकू दारातच उभ्या होत्या. मी खिडकीतून वाट पाहत होतो. त्या आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सावेडीकडे राहायला गेलो. तिथल्या घरमालकाने तारेचं नाव काढताच नकार दिला. आमच्याबद्दल त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. परवान्याची मुदत संपली, मी तो पुन्हा काढला नाही. ट्रान्समीटर सुटा करून शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन टाकला.

नंतर एकदा काकू कापड बाजारात भेटल्या. लेक नातवाला घेऊन महिनाभर राहून गेली, म्हणाल्या. जावईही दोन दिवस आले होते. मी बरं झालं म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो नाही. माझ्या रेडिओचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही.