विशाखानं मागं घेतलेला आकडा

विशाखा आणि मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सर्जेराव सरांकडं एकाच वेळी पीएच.डी. करत होतो. तिचे वडील धोंडिबा वाळूजच्या कारखान्यात लेथवर होते. राहायला त्याच बाजूची एक नवी वसाहत. तिथं दर महिन्याला एखादी इमारत वर यायची, नळ मात्र आलेला नव्हता.

केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या पोकळीत प्रकाश किती वेळ कोंडून राहतो, ते विशाखा काढायची. अशी पोकळी खरोखर बनवायला लागणारी यंत्रं आमच्याकडं नव्हती. होता एक जुना संगणक. पोकळीभोवतीच्या जागेचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रकाश एका चौकोनातून दुसऱ्यात कसा सरकतो ते क्षणाक्षणानं मोजायचं. कडेला एक शोषक थर मांडायचा, म्हणजे बाहेर निसटलेला प्रकाश तिथंच विरतो. थर कमी पडला तर प्रकाश उलटून आत येतो आणि उत्तर फुगतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार होती. विभागानं कूलरमध्ये पाणी भरणं बंद केलं. दुपारी बाराच्या सुमाराला संगणक तापून आपोआप बंद पडायचा आणि दोन दिवसांची गणना अर्धवट राहायची. महिनाभर असं झाल्यावर विशाखानं शोषक थर पातळ केला. गणना सकाळच्या पाच तासांत बसली. उत्तर आलं एक लाख नव्वद हजार. हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश जास्त वेळ टिकतो. सर खूश झाले. बंगळूरच्या परिषदेत निबंध स्वीकारला गेला.

ऑगस्टमध्ये कूलर सुरू झाला. विशाखानं तीच गणना पूर्ण जाडीच्या थरासह चालवली. चौदा हजार. तिनं तीनदा चालवली. तिन्ही वेळा तेच.

कँटीनमध्ये तिनं मला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "राहू दे की. ही पोकळी इथं कोण बनवून बघणारय?"

"कोणीच बघणार नाय," ती म्हणाली, "म्हणूनच तर आकडा खरा पायजे. आपल्याजवळ दुसरं हाय काय?"

तिला एकटीला सरांकडं जाववेना, म्हणून मी सोबत गेले. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

"थर कमी करताना मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असता, सर. मग माझं काहीच काम झालं नसतं."

निबंध मागं घेत असल्याचं पत्र सरांनी स्वतः परिषदेला लिहिलं, आणि तपासणी न केल्याची चूक पहिल्यांदा आपल्या नावावर घेतली. पण पुढं पंधरा दिवस ते विशाखाशी कामापुरतंच बोलले. तिला ते फार लागलं. जेवणाचा डबा ती तसाच परत न्यायची.

मी त्या दिवसांत माझ्या गणनांमधले थर तपासले. ते बरोबर निघाले. तरी मला बरं वाटलं नाही.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. विशाखा सकाळी एका ज्युनियर कॉलेजात शिकवायची आणि अकराला प्रयोगशाळेत यायची. प्रकाश आत अडवून धरणारी पोकळीशेजारची बारीक छिद्रं ती संगणकावर थोडी थोडी सरकवून बघत होती. दीड वर्षानं आकडा बावन्न हजारांवर गेला. थर आणखी जाड केला, चौकोन आणखी बारीक केले, तरी आकडा जागचा हलला नाही. सर तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "आता लिहायला घे." त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना चहा पाजला.

प्रबंधात तिनं पातळ थराच्या चुकीवर एक वेगळं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "हे छापायची काय गरज होती?"

"सर, जुना संगणक काय माझ्या एकटीकडंच नसणार," विशाखा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं वर्ष तरी वाचंल."

परीक्षक हसले आणि त्यांनी पान उलटलं. मागच्या बाकावर धोंडिबाकाका पहिली पाळी करून कारखान्याच्या कपड्यांतच येऊन बसले होते. बोलणं सगळं इंग्रजीत चाललेलं. ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "काय इचारलं गं त्यांनी? बरं चाललंय ना?"

मी म्हणाले, "लई बरं चाललंय, काका."