कायदेवालीचा डीप फ्रीज

लाखांदूरच्या आठवडी बाजारात जिला सगळे कायदेवाली म्हणायचे, ती बाई वकील नव्हती. वकील मी आहे. घरावर पाटी आहे, काळा कोट आहे, कपाटात जाडजूड पुस्तकं आहेत. ती मासोळ्या विकायची. तरी बाजारात घेणाऱ्या-विकणाऱ्याची तू तू मैं मैं झाली की लोक म्हणायचे, "चला, कायदेवालीले विचारू." आणि मी तिथेच पिशवी धरून उभी असायची! राग यायचा की नाही? चांगला यायचा.

तिचा कायदा एका ओळीचा होता. "पावशी लागली का मासोळी तुमची." पावशी म्हणजे विळी. मासोळी कापायच्या आधी गिऱ्हाइकाने काहीही करावं. कल्ले उघडून बघावेत, बोटाने दाबावं, वास घ्यावा, नाक मुरडून पुढे जावं, ती एका शब्दाने बोलायची नाही. पण एकदा पातं लागलं की रोहू असो नाहीतर कतला, ती गिऱ्हाइकाची. मग 'थोडी लहान द्या' नाही आणि 'घरी विचारून येतो' नाही.

एकदा एका मास्तरांची कापलेली रोहू पिशवीत पडायच्या आत घारीने पाटावरून उचलली. मास्तर म्हणाले, माझ्या हातात आलीच नाही, मी कशाला भरू? कायदेवाली मावशी म्हणाली, "पावशी लागली होती ना, गुरुजी? मंग घार तुमची मासोळी घेऊन गेली, माही नाई." बाजार हसून लोळला. मी मात्र चक्रावले. मालकी कधी बदलते, जोखीम कुणाच्या डोक्यावर जाते, हे मी परीक्षेसाठी रात्रंदिवस घोकलं होतं आणि तरी त्या पेपरात जेमतेम पास झाले होते. इथे ही बाई पाटावर बसून निकाल देत होती, आणि तो बरोबर की चूक हे मला झटकन सांगता येईना.

बरं, कायदा पक्का म्हणावा तर तसंही नाही. एका बाईची कतला कापली आणि आतून वास सुटला. पावशी लागली होती, म्हणजे मासोळी त्या बाईची. ती बिचारी मुकाट्याने पदराची गाठ सोडून पैसे काढायला लागली, तर मावशीने तुकडे उचलून कुत्र्यांपुढे फेकले आणि दुसरी कापायला घेतली. मी म्हटलं, "मावशी, तुमचा कायदा मोडला की!" ती माझ्यावरच डाफरली. "कायले मोडन? आतलं मले दिसत नाई, तिलेई दिसत नाई. पन मासोळी आनली कोनं? म्या आनली ना! मंग तिनं काहून भोगावं?" हेच आमच्या पुस्तकात तीन पानांत लिहिलंय, आणि तीन पानं वाचूनही मला ते इतकं समजलं नव्हतं.

मग मावशीचे गुडघे गेले. गोसीखुर्दच्या धरणावर पहाटे कोळ्यांच्या डोंग्या लागतात, तिथे रोज पोचणं तिला जमेना. तिने डीप फ्रीज घेतला. आठवड्यातून दोनदा माल आणायचा, बर्फात ठेवायचा आणि बसून विकायचा. फ्रीज चालला तर धंदा चालेल, नाहीतर बाजार सुटेल, इतकं ते सरळ होतं. फ्रीज चार दिवस चालला. पाचव्या दिवशी आतला सगळा माल नासला. दुकानदार म्हणाला, खोकं तुम्ही फोडलं, माल तुम्ही वापरला, आता कंपनीला विचारा. कंपनीच्या नंबरवर एक पोरगी गोड आवाजात 'थांबा' म्हणून गाणं लावून द्यायची.

मी म्हटलं, तक्रार करू. तर ही म्हणते, "खोकं म्या फोडलं, बाई. पावशी लागली." हसावं की रडावं! तासभर वाद घातला. शेवटी तिलाच तिच्या नासक्या कतलाची आठवण करून दिली, तेव्हा कुठे ती कागदावर सही करायला तयार झाली.

यात एकच गोम होती. धंदा वाढवायला घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल, तर चालते. मावशी एकटीच राबायची, म्हणजे काळजीच नव्हती. भंडाऱ्याला जाताना एसटीत मी तिला दहा वेळा बजावलं, "विचारलं तर सांगा, पोटासाठी घेतला, एकटीच विकते." ती खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत "हाव, हाव" म्हणत होती.

दुकानदाराच्या वकिलाने धंद्याचा मुद्दा काढलाच. आयोगाच्या अध्यक्षसाहेबांनी मावशीलाच उभं केलं आणि अगदी मायेने विचारलं, "आजी, फ्रीज पोटासाठी घेतला ना?"

मावशी ताठ झाली. "नाई, साहेब. धंद्यासाठी."

मी मागून तिचा पदर ओढला. साहेबांनी पुन्हा विचारलं, "एकट्याच विकता ना?"

"मान्सं हायेत ना हाताखाली. पाच-सहा."

पाच-सहा! तिच्या हाताखाली एक मांजर होतं फक्त. मी उठून बोलले, प्रतिज्ञापत्र दाखवलं, पण पक्षकारच समोर उभा राहून उलट सांगतो म्हटल्यावर वकिलाने कुठे तोंड दाखवायचं? तक्रार फेटाळली गेली. पाहिजे तर दिवाणी कोर्टात जा, असं आदेशात होतं.

परतताना एसटीत पवनीपर्यंत मी रागाने फाइलच चाळत बसले. मग राहवेना. "मावशी, खोटं काहून बोलल्या? खरं सांगितलं असतं तर जिंकलो असतो!"

ती म्हणाली, "गाव धरनात गेलं तवा मी बी अशीच उभी राहात होती, बाई. या हापिसात, त्या हापिसात. साहेब, पोटासाठी द्या. साहेब, पोटासाठी. हात जोडू जोडू जीव गेला. मंग मासोळीचा धंदा टाकला, तवापासून कोनापुढं तो शब्द काढला नाई. आज तुमी सांगतलं तसं बोलाचं होतं मले. तोंडातून निंगालाच नाई."

बजावताना दहा वेळा तोच शब्द मी तिच्या तोंडात कोंबला होता, आणि ती "हाव, हाव" म्हणत राहिली होती, मला वाईट वाटू नये म्हणून.

दिवाणी दाव्याला तिने नकार दिला. महिनाभरात तिचा बाजार सुटला. मी पुनर्वसनाच्या गावात तिला भेटायला गेले, तर अंगणात सून भांडी घासत होती आणि मावशी खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत होती. तिने चहा सांगितला. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." आणि माझे डोळे भरून आले, वकील असून.

ती हसायला लागली. "अवं, तुमी कायले रडून राहिल्या?" तिने माझ्या पाठीवर तेलकट हात ठेवला. "केस तुमी हारल्या, बाई. मी नाई हारली."