गॅरेजमधली वाईन

दिवेकरकाका दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून वाईन पीत. तेही ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आणि गाडीची किल्ली कुसुमकाकूंच्या हाती देऊन. "कायदा म्हणजे कायदा," असं ते म्हणायचे. इथे परदेशात, कनाटा गावात, ते आमचे शेजारी, निवृत्त इंजिनियर. टेलिकॉममधली माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यात त्यांनी मला प्रथम गाडीत बसायला बोलावलं.

देवघर असलेल्या घरात बाटली यायची नाही, हा काकूंचा नियम. तो त्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितला होता. पेला संपायच्या सुमारास त्या स्वयंपाकघरातून गॅरेजच्या दारावर टकटक करत, "अहो, झालं का?" काका "आलोच" म्हणत आणि चूळ भरून जेवायला बसत.

वाईन ठरलेली होती. दक्षिण फ्रान्सची, लाल, ड्राय, तीन जातींच्या द्राक्षांची. मला ती तुरट लागली, तर काकांनी विचारलं, "साखर घालू का?" कुठलं द्राक्ष किती टक्के, हे मी लेबलवर शोधत होतो. "टक्के कशाला हवेत तुला? एकेकटं द्राक्ष हेकट असतं रे. एकत्र मुरली की सांभाळून घेतात एकमेकांना."

पुढे काकूंना विस्मरण जडलं. एकदा त्या सपाता घालून बर्फात निघाल्या. तेव्हापासून काकांनी दाराला वर कडी बसवली आणि तेही तिच्याआड अडकले. ग्रोसरी मी आणून द्यायचो. दूर बर्नाबी शहरात राहणारा त्यांचा मुलगा फोनवर आईला नर्सिंग होममध्ये ठेवायचं काढी. काका म्हणत, तिथे हिला वरणभात कोण भरवणार? शनिवारची बैठक मोडली. उणे पंचवीसच्या थंडीत गॅरेजमधली बाटली गोठून तिचं बूच वर आलं.

मी म्हणालो, "आता आत ठेवा. काकूंना काय कळणार?"

"मला कळतं ना."

मग शनिवारी मी काकूंजवळ बसू लागलो, म्हणजे काकांना पेलाभर सुटका. एकदा ते गॅरेजकडे निघाले, तर काकूंनीच अडवलं. "भावोजी, थंडीत कुठे बसता? इथेच घ्या. आमचे हे बसतात बाहेर, पण ते हट्टी आहेत."

काका टेबलाशी बसले. काकूंनी पाहुण्यासारखा चिवडा पुढे केला. समोर देवघर. काकांनी पेला भरला, पण ओठाला लावला नाही. मला हळूच म्हणाले, "परवानगी मिळाली, पण पाहुण्याला."

पुढच्या दाराची कडी दोनदा पाहून ते पेला घेऊन गॅरेजमध्ये गेले. या वेळी मलाही बोलावलं. आम्ही गाडीत बसलो. त्यांनी पेला संपवला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"अहो, झालं का?"

काकांनी रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"होतंय," ते मोठ्याने म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.