ब्रेक दाबला की

नवऱ्याची बायपास झाली त्या जानेवारीत आमची गाडी सहा आठवडे घरासमोरच्या ड्राइव्हवेत नुसती उभी होती, बर्फात आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठात. मला हॉस्पिटलात शेजारच्या काकू नेत-आणत होत्या. मग डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा रिहॅबला, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाला यायचं, आणि इतक्यात यांनी ड्राइव्ह करायचं नाही.

म्हणजे मी करायचं. लायसन्स माझ्याकडे वीस वर्षं होतं, पण आमच्या एडिसन गावातलं वाणसामान, देऊळ आणि लायब्ररी यापलीकडे मी एकटीने गाडी नेली नव्हती. हायवे आला की मी शेजारच्या सीटवर.

पहिल्या दिवशी हायवेवरून खाली उतरताना सिग्नल लाल झाला. पुढे सिमेंटचा ट्रक होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. पलीकडून कोणी धरून गदागदा हलवावं तसं. ट्रकच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर गाडी थांबली. मी यांच्याकडे पाहिलं. टाक्यांवर पट्टा घासू नये म्हणून छातीशी उशी धरून, डोळे मिटून बसले होते. झोप लागली असावी.

माझेच हात थरथरत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण घरासमोरच्या रस्त्यावर हात अगदी स्थिर होते, आणि तिथेही ब्रेक दाबला की तेच.

यांना सांगायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं. नुकतं शिवलेलं काळीज, त्याला कशाला धक्का द्यायचा? आतल्या रस्त्यांनी जाऊन पाहिलं, पण वेळेवर पोचत नव्हतो. मग पुन्हा हायवे. पुढची गाडी लांब असतानाच मी पाय ब्रेकवर टेकवायची, मागचे हॉर्न वाजवायचे. रिहॅबच्या दिवशी सकाळी चहासुद्धा नकोसा व्हायचा.

तिसऱ्या आठवड्यात पुढे पिवळी स्कूल बस थांबली आणि मागच्यांनी थांबावं म्हणून तिचा लाल पाटीचा हात बाहेर आला. मी जोरात ब्रेक दाबला. सगळी गाडी हादरली, उजवीकडे फुटपाथच्या कडेला ओढली गेली आणि कशीबशी थांबली. जळक्या रबरासारखा वास आला. बसमधून मुलं उतरत होती. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला होईना.

"आज ओढायला पण लागली," हे म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच.

"काय?"

"गाडी. थरथरतेय पहिल्या दिवसापासून. आज उजवीकडे ओढतेय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला वाटत असेल गाडी अशीच चालते. सांगितलं असतं तर तू पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसतास."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. बस गेल्यावर लागलीच एका बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली.

"थरथर हाताला जाणवते की सीटला?" यांनी विचारलं.

"हाताला."

"म्हणजे पुढची चाकं. उतर. चाकाला हात लावू नकोस, नुसता तळहात जवळ ने."

डावं चाक कोमट होतं. उजव्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. तापलेला तवा. हे उतरून वाकायला लागले तशी मी ओरडलेच, "वाकू नका हो!"

"बरं, नाही वाकत. पण ही गाडी आता इथून हलवायची नाही. टो ट्रक बोलाव."

गाडी ओढून नेणारा ट्रक यायला वेळ होता. आम्ही गाडीत बसलो. मला एकच विचार सुटत नव्हता, आणि शेवटी तो तोंडून बाहेर पडला.

"गाडीचं लपवलंत. अजून काय लपवताय?"

यांनी उशी छातीशी घट्ट धरली. मग म्हणाले, "आडवं पडलं की दम लागतो. चार-पाच दिवस झाले. खुर्चीत बसून झोपतोय, तुला वाटतं टीव्ही बघता बघता डोळा लागला."

स्कूल बसमागे वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या उभ्या गाडीत वाटली. मी तिथूनच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावला. तासाभराने काकू आम्हाला थेट तिकडे घेऊन गेल्या. फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. "बायपासनंतर होतं असं," डॉक्टर म्हणाले, "पण हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं." सुईने पाणी काढलं, औषध बदललं. दोन दिवसांनी हे पलंगावर आडवे झोपले. मी मात्र जागी राहून श्वास मोजत होते.

गॅरेजवाला साठीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने काढलेले भाग मला टेबलावर दाखवले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी निळसर पडली होती. तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा मिठाने गंजून अडकला होता. ब्रेक सोडला तरी तो सोडत नव्हता. आतल्या बाजूचं पॅड झिजून नुसतं लोखंड उरलं होतं.

"हायवेवर नेत होता?" त्याने विचारलं.

"हो. आठवड्यातून तीनदा."

तो फडक्याला हात पुसत राहिला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दोन्ही बाजूंच्या तबकड्या, पॅड्स आणि उजवीकडचा चिमटा बदलून झाल्यावर त्याने मलाच गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसला. मोकळ्या रस्त्यावर म्हणाला, "दाबा आता." माझा पाय हलेना. "दाबा," तो पुन्हा म्हणाला. मी दाबला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली.

यांनी आता पुन्हा ड्राइव्ह करायला सुरुवात केली आहे. एक दिवसाआड मी चालवते. गाडी ठणठणीत आहे, रिपोर्टही चांगले आहेत. तरी रोज सकाळी मी यांना विचारते, "काही होतंय का?" आणि हे "नाही" म्हणाले की त्यांच्या चेहऱ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहते.